पावणेनऊशे किलोमीटर



आमच्या कोकणात पूर्वी एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं, की अमुक गाव किती लांब आहे, तर तो मैलांचा आकडा कधी सांगत नसे. 'हाकेच्या अंतरावर आहे' म्हणे, किंवा 'एवढी घाटी उतरलात की आलंच' म्हणे. 'भाकरी खाऊन निघालात तर दिवेलागणीला पोचाल' हेही एक माप होतं. आमच्या मुसलमान वस्तीत हाच हिशेब नमाजांवर चाले. जोहरनंतर निघालं की असरला पोचायचं. प्रवाशाला नमाज आखूड करण्याची सवलत आहे, चार रकातींच्या जागी दोन. किती लांब गेल्यावर ही सवलत मिळते हे सांगतानाही जुन्या धर्मशास्त्र्यांनी दोन-तीन दिवसांची वाट, मुक्काम, मंझिल अशी मापं धरली. थोडक्यात, अंतर म्हणजे पोचायला लागणारा वेळ, अशी माणसाची जुनी समजूत. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने ती बरोबरच होती.

विमान आलं आणि अंतर व वेळ यांची फारकत झाली. आज आपण दोन शहरांची नावं घेतो आणि विचारतो, विमानाने किती तास? अंतराचा आकडा कुणी विचारतही नाही. आज मी तुमच्याशी अशाच दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ यांविषयी बोलणार आहे. एक शहर मुंबई आणि दुसरं कराची.

आधी अंतर पाहू. पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन शहरांमधलं हवाई अंतर सपाट कागदावरच्या पट्टीने नीट मोजता येत नाही. पृथ्वीच्या गोलावर एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने जातो ती सर्वांत जवळची वाट. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की हा दोरा गणितानेही ताणता येतो. मुंबई एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर, कराची साधारण पंचवीस अंशांवर. गणित केलं की दोन विमानतळांमधलं अंतर येतं सुमारे ८७५ किलोमीटर. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पावणेनऊशे.

हा आकडा शेजारच्या आकड्यांजवळ ठेवून पाहिला की त्याचा अर्थ कळतो. मुंबईहून नागपूर हवाई मार्गाने सातशे किलोमीटरच्या आत आहे. दिल्ली साडेअकराशेच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईकराला कराची नागपूरपेक्षा थोडी लांब, पण दिल्लीपेक्षा बरीच जवळ. आता कराचीच्या बाजूने पाहा. कराचीहून लाहोर हजार किलोमीटरच्या थोडं वर, इस्लामाबाद अकराशेच्या घरात. कराचीच्या माणसाला त्याच्या देशाच्या राजधानीपेक्षा मुंबई जवळ आहे! दोन्ही शहरं आपापल्या राजधानीपासून जितकी दूर आहेत, तितकी एकमेकांपासून नाहीत.

मुंबईहून निघालेली ती सरळ रेषा समुद्र ओलांडते, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढते, मग कच्छचं आखात, कच्छचा पश्चिम भाग आणि सिंधू नदीच्या मुखाजवळचा खाड्यांचा दलदलीचा प्रदेश ओलांडून कराचीला पोचते. वाटेत हिमालय नाही, वाळवंट नाही, महासागर नाही. ज्या अरबी समुद्राची एक लाट मुंबईच्या चौपाटीवर फुटते, त्याचीच दुसरी कराचीच्या क्लिफ्टनवर फुटते.

आता वेळ. प्रवासी जेट विमान उंचावर गेलं की ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने जातं. पण तो वेग काही पूर्ण प्रवासभर मिळत नाही. धावपट्टीपर्यंत सरपटत जायचं, वर चढायचं, उतरताना वेग कमी करायचा, कधी आकाशात घिरट्या घालत वाट पाहायची. वेळापत्रकात छापलेली वेळ ही जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. एवढं सगळं धरून मुंबई-कराची प्रवासाला दीड ते पावणेदोन तास पुरतात.

यात घड्याळाची एक गंमत आहे. पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे आहे. सकाळी दहाला मुंबईहून निघालेलं विमान दीड तासाने कराचीत उतरलं, तर तिथल्या घड्याळात वाजलेले असतात फक्त अकरा. परतताना मात्र अकराला निघून इथे उतरेपर्यंत एक वाजतो. म्हणजे जाताना एक तास आणि येताना दोन. हा अर्धा तासही फाळणीबरोबर आलेला नाही. फाळणीनंतर काही वर्षं कराचीच्या भिंतीवर भारतीय प्रमाणवेळच टिकटिकत होती. १९५१ साली पाकिस्तानने तिथलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं.

मुंबई आणि कराची ही जोडी मी उगीच निवडलेली नाही. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि काही वर्षांतच तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला, तोवर जवळजवळ नव्वद वर्षं कराचीचा सरकारी कारभार मुंबईहून चालत होता. रत्नागिरी आणि कराची एकाच इलाख्यातली गावं होती. मुंबई इलाख्यातले कारकून, मास्तर, वकील तिकडे गेले. कराचीत १८५५ साली सुरू झालेल्या सरकारी शाळेला आजही 'नारायण जगन्नाथ' हे नाव आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी. बंदर रस्त्यावर ती शाळा अजून उभी आहे.

आणि आमची कोकणी मुसलमान माणसं तर बंदराच्या ओढीने गेली. कोकणातल्या खाड्यांवरच्या गावांतून खलाशी, सारंग, टंडेल निघत ते मुंबईच्या गोदीत किंवा कराचीच्या. ज्या बंदरात काम मिळालं तिथे बिऱ्हाड झालं. कराचीत त्यांची 'कोकण' नावाचीच वसाहत आहे. तेव्हाचा प्रवास बोटीने होई. समुद्रमार्गे अंतर पाचशे सागरी मैलांच्या आसपास. ताशी बारा मैलांची बोट धरली तरी चाळीस-बेचाळीस तास. प्रवासी बोटींची ही वाहतूक फाळणीनंतरही १९६५ च्या युद्धापर्यंत टिकून होती.

हवाई प्रवासाच्या इतिहासात तर या दोन शहरांचं स्थान मोठं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ नावाचं एक इंजिनाचं छोटं विमान उडवलं. इंग्लंडहून कराचीपर्यंत आलेली टपाल पुढे न्यायची होती. ते वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे इंधन घेतलं आणि मुंबईत जुहूच्या मैदानावर आले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा जन्म त्या दिवशी झाला असं आपण मानतो. म्हणजे आपल्या हवाई वाहतुकीची पहिली ओळ लिहिली गेली तीच मुळी कराची आणि मुंबई या दोन नावांनी.

त्या प्रवासाची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला टाटा निघाले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. अहमदाबादचा वळसा आणि थांबा धरून सात-साडेसात तास. त्या विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास होता.

आता मी तुम्हाला आजचा हिशेब सांगतो. पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीची कराची-मुंबई सेवा २०१७ साली बंद झाली. त्यानंतर या दोन शहरांमध्ये थेट विमान राहिलं नाही. ज्याच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत त्याला जायचंच असेल, तर सोयीची वाट दुबईवरून. मुंबई-दुबई एकोणीसशे किलोमीटरहून थोडं अधिक, दुबई-कराची जवळजवळ बाराशे. पावणेनऊशेच्या जागी एकतीसशे किलोमीटर, साडेतीन पट. पहिल्या टप्प्याला तीन तास, दुसऱ्याला दोन, मध्ये दुबईत पुढच्या विमानाची वाट पाहणं. नशीब चांगलं असेल तर आठ-नऊ तास, नसेल तर रात्र काढायची. मंडळी, नव्वद वर्षांपूर्वी लाकूड, कापड आणि लोखंडी नळ्यांच्या त्या विमानाला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आज जेट विमानांना लागतो.

विमानं सुधारली, वेग पाचपट वाढायला हवा तसा वाढला. मग वेळ कुठे गेला? तो परवानगीत गेला.

हे काही आजच सुरू झालेलं नाही. १९७१ साली, फेब्रुवारी महिन्यात, भारतीय विमानाच्या अपहरणानंतर आपण पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला मनाई केली. मग पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणारी विमानं श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली. दोन देशांमधली विमानसेवा पुन्हा सुरू झाली ती १९७६ साली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ च्या आरंभी हवाई वाट बंद झाली, ती १ जानेवारी २००४ ला उघडली. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते जुलैमध्ये मोकळं झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी आपापलं आकाश एकमेकांच्या विमानांना बंद केलं आणि त्या बंदीची मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. अटारीची जमिनीवरची वाटही तेव्हाच बंद झाली. राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधमध्ये जाणारी थार एक्स्प्रेस चाळीस वर्षांच्या खंडानंतर २००६ साली सुरू झाली होती. तीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली.

यामागची कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. मी मुंबईचा माणूस आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला या शहरात शिरलेले दहाजण कराचीहूनच निघाले होते, आणि समुद्रानेच आले होते. वाटेत त्यांनी गुजरातची एक मासेमारी नौका पळवली आणि तिच्यावरच्या माणसांना मारून टाकलं. शहरं जवळ असण्याची किंमत मुंबईने तेव्हा रक्ताने मोजली. त्यामुळे दरवाजाला कडी का लागते हे मला कळतं. पण त्या दहाजणांनी व्हिसा मागितला नव्हता. कडी लागली की बाहेर अडकतो तो रांगेत उभा राहून परवानगी मागणारा.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आईची मोठी बहीण, माझी खाला, १९४६ साली लग्न होऊन कराचीला गेली. नवरा पंचक्रोशीतलाच, कराचीच्या बंदरात नोकरीला. मुंबईहून बोटीत बसवून दिली. लांब दिली म्हणून आजी रडली असेल, पण परदेशात दिली असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती जाऊन वर्ष झालं आणि तिचं शहर दुसऱ्या देशात गेलं. ती आपल्या जागेवरच होती, हलली ती सीमा.

मी तिला पाहिलं ते १९७८ साली, शाळेत असताना. विमानाने आली होती. दीड तासात आली म्हणून गावात सगळे नवल करत होते, कारण त्या दिवसांत मुंबईहून आमच्या गावी यायला एस.टी.ला रात्र लागायची. पण या दीड तासामागे किती महिन्यांचा अर्ज होता हे मला पुढे कळलं. व्हिसा देशाचा मिळत नाही, ठरावीक शहरांचा मिळतो. ज्या गावाचं नाव कागदावर नाही तिथे जायचं नाही. पोचल्यावर पोलिसांकडे नोंद करायची, निघताना पुन्हा. स्वतःच्या माहेरी आली आहे हे माझ्या खालेला पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं लागलं. ती काही रागावली नाही. परत येताना वाटेतल्या झाडाच्या कैऱ्या ओट्यात घेऊन आली, हे मला आठवतं.

ती २०१८ च्या हिवाळ्यात गेली. फजरच्या वेळी फोन आला. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी दफन होतं. असरनंतर जनाजा आहे, असं तिच्या मुलाने सांगितलं. माझी आई तेव्हा ऐंशी ओलांडलेली. तिने फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, "कराचीला विमानाला किती वेळ लागतो रे?" मी म्हटलं, "दीड तास." ती म्हणाली, "मग असरपर्यंत पोचेन की."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. दहाचं विमान धरलं असतं तर ती तिथल्या अकरा वाजता उतरली असती. बहिणीचं तोंड पाहिलं असतं. नागपूरला कुणी गेलं असतं तर आम्ही पोचलोच असतो. दिल्लीलासुद्धा पोचलो असतो. पण थेट विमान नव्हतं आणि व्हिसा दिवसात मिळत नाही. आईने त्या दिवशी घड्याळाकडे पाहत असरची वाट पाहिली, आपल्या नव्हे, तिथल्या असरची, आणि मग दुआ मागितली.

आपल्याकडे 'मातीला पोचणं' असं म्हणतात. हिंदू घरात म्हणतात, मुसलमान घरात म्हणतात. कुणाच्या लग्नाला नाही जाता आलं तर चालतं, पण मातीला पोचावं. मला वाटतं, दोन गावांमधल्या अंतराचं हेच खरं माप आहे. निरोप मिळाल्यावर निघून मातीला पोचता येतं ते गाव जवळचं, येत नाही ते लांबचं. या मापाने अमेरिकेतलं शहर लांब आहे हे मान्य, तिथे समुद्र आणि खंड आडवे आहेत. पण पावणेनऊशे किलोमीटरवरचं शहर अमेरिकेपेक्षा लांब असावं, याला भूगोल जबाबदार नाही.

हे केवळ आमच्यासारख्या घरांचं दुखणं आहे असंही नाही. गुजरातचे आणि आपल्या पालघर जिल्ह्याचेही खलाशी मासेमारीच्या नावांवर कामाला जातात. समुद्रावर रेघ नसते. इंजिन बंद पडतं, वारा-प्रवाह नाव ओढून नेतो, किंवा मासळीच्या मागे लागून नाव पलीकडे जाते. मग पकडून कराचीला नेतात. जाण्याचा प्रवास काही तासांचा. पुढे मलीरच्या तुरुंगात किती महिने, किती वर्षं जातील याचं वेळापत्रक नसतं. शिक्षेची मुदत संपली तरी हा माणूस अमक्या देशाचा आहे हे ठरायला वेळ लागतो. सुटले म्हणजे त्यांना कराचीहून रेल्वेने लाहोरला न्यायचे, वाघ्याला सीमा ओलांडून देत, अमृतसरहून पुन्हा रेल्वेने गुजरातला. ज्या समुद्रावरून माणूस एका दिवसात गेला, त्याच समुद्राच्या काठावर त्याला तीन हजार किलोमीटरचा वळसा घालून आणायचं. पाकिस्तानी मच्छीमार आपल्या तुरुंगांत असतात, त्यांचीही हीच कथा. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी बायका याच दोन तारखांवर वर्ष मोजतात.

याद्यांचा हा व्यवहार पाहिला की एक गोष्ट मात्र मनात येते. भांडण चालू असतानासुद्धा काही वाटा उघड्या ठेवता येतात. २०१२ च्या व्हिसा करारात पासष्ट वर्षांवरच्या माणसांना अटारी-वाघ्याला पोचल्यावरच व्हिसा देण्याची तरतूद होती. म्हाताऱ्यांपासून कुणाला धोका नाही, हे दोन्ही सरकारांनी लिहून दिलं होतं. ती अमलात येतायेताच थांबली, पण एकदा लिहिली गेली होती. १९३२ च्या त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा पुन्हा कराचीहून मुंबईला छोटं विमान उडवत आले. मध्ये दोन मोठी युद्धं होऊन गेली होती. तरी एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीसाठी आकाश उघडलं. मग मातीला निघालेल्या म्हाताऱ्या बहिणीसाठी का उघडू नये? मी सीमा पुसा असं म्हणत नाही. सीमा राहू दे, तपासणी राहू दे. मृत्यू आणि आजारपण यांसाठी एक खिडकी असावी, जिथे उत्तर महिन्यांत नव्हे तर तासांत मिळेल. एवढंच मागणं आहे.

मराठीत 'अंतर' हा शब्द मोठा विलक्षण आहे. दोन गावांमधलं ते अंतर आणि मनाच्या आतलं तेही अंतर. कुणाला सोडून देणं म्हणजे अंतर देणं. आणि एखादं माणूस कायमचं दुरावलं की आपण म्हणतो, ते आम्हाला अंतरलं. हे सगळे अर्थ एका शब्दात कुणी कोंबले कोण जाणे, पण ज्याने कोंबले त्याला माणसं ठाऊक होती.

तुमच्या घरात मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह असेल. त्यात मुंबईपासून कराचीपर्यंत एक दोरा ताणा आणि तोच दोरा मुंबईपासून दिल्लीपर्यंत लावून पाहा. मूल विचारील, इथे जायला किती वेळ लागतो? त्याला खरं ते सांगा. विमानाला दीड तास लागतो. आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला, की मग लोक जात का नाहीत, तर तेही टाळू नका, सगळं सांगा. कारण हे अंतर कमी करायचं झालं तर ते काम नवं विमान करणार नाही. ते त्या मुलाच्या पिढीलाच करावं लागेल.